सामाईक पान आणि ज्याचे त्याचे पान



हंगाम तोंडावर आला की शिरूर-दौंडच्या गावांतून आमच्याकडे एकच गाऱ्हाणे येते : "गट नंबर सामाईक, ऊस माझा, अन् नोंद भावाच्या नावावर!" कोणते पान सर्वांचे आणि कोणते ज्याचे त्याचे, हे ध्यानात न घेतल्याने हा घोळ होतो.

ऊसनोंदीला आपण सातबारा जोडतो. ते सर्वांचे पान; महाभूलेखवर कुणीही पाहू शकतो. त्यावरची पीकनोंद मात्र १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी स्वतः मोबाईलवर ई-पीक पाहणीत करतो. खाते सामाईक असले तरी प्रत्येकाने आपल्या वहिवाटीपुरतेच क्षेत्र भरावे. चूक झाल्यास ४८ तासांत स्वतः दुरुस्ती करता येते. पुढे तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, जावे लागते.

कारखान्याच्या कॉम्प्युटरचीही तीच तऱ्हा. लागण तारखांची यादी सर्वांना उघडी, कारण तोडीचा नंबर तिच्यावरून लागतो; ती झाकली की संशय वाढतो. ऊसबिल, कपाती, बँक खाते मात्र ज्याचे त्यालाच दिसावे. कोणते पान कुणाला उघडायचे, ती किल्ली आमच्याकडे असते. म्हणून शेजाऱ्याचे बिल आम्हाला विचारू नका, आणि आपला ओटीपी आमच्या स्लिपबॉयलासुद्धा सांगू नका.

भावाभावांनी आधी बांधावर बसून क्षेत्र ठरवावे, मगच नोंद द्यावी. तोडीची टोळी फडात आल्यावर वाद काढून ऊस वाळवण्यात कुणाचेच हित नाही.

— ऊस विकास विभाग