संघीय अन्वेषण विभाग आणि अमेरिकन नभोनाट्य

गुन्हा आणि त्याचा तपास हा नभोनाट्याला विशेष मानवणारा विषय होय. पावलांचा आवाज, दाराची करकर, पिस्तुलाचा बार एवढ्या सामग्रीवर श्रोत्याच्या मनात सबंध प्रसंग उभा राहतो. तथापि अमेरिकेच्या संघीय अन्वेषण विभागावर, म्हणजे एफ्. बी. आय्. वर, रचलेल्या श्रुतिकांचा विचार केवळ तंत्राच्या अंगाने करून भागत नाही. शासनाच्या एका खात्याने स्वतःविषयीच्या कथेवर कितपत ताबा ठेवावा, हा प्रश्न त्यांच्या मुळाशी आहे.

या प्रश्नाचा पहिला प्रत्यय १९३५ च्या जुलैत आला. फिलिप्स लॉर्ड या निर्मात्याने 'जी-मेन' ही मालिका सुरू केली. पहिलाच प्रयोग आदल्या वर्षी शिकागोत मारल्या गेलेल्या जॉन डिलिंजरवर होता. विभागाचे संचालक जे. एडगर हूव्हर यांनी संहिता तपासण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला. लॉर्डला हव्या होत्या चकमकी. हूव्हर यांना हवी होती बोटांचे ठसे, प्रयोगशाळा आणि शिस्तबद्ध तपास यांची महती. हा संसार तेरा आठवड्यांत आटोपला. पुढे १९३६ मध्ये लॉर्डने 'गँग बस्टर्स' काढली, ती मुख्यतः पोलिसांच्या कामगिरीवर, आणि ती १९५७ पर्यंत चालली.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस दोन मालिका समोरासमोर आल्या. 'द एफ्. बी. आय्. इन पीस अँड वॉर' (१९४४–५८) फ्रेडरिक कॉलिन्स यांच्या पुस्तकावर आधारलेली होती. तिला विभागाची अधिकृत मान्यता नव्हती आणि कथा पुष्कळदा गुन्हेगाराच्या बाजूने उलगडत असे. तिच्या प्रारंभी प्रोकोफिएव्हच्या संगीतिकेतील संचलनगीत वाजे. शीतयुद्धाच्या ऐन भरात अमेरिकन अन्वेषकांची वर्दी एका सोव्हिएत संगीतकाराने द्यावी, हा योगायोग गमतीचा खरा! 'धिस इज युअर एफ्. बी. आय्.' (१९४५–५३) हिला मात्र हूव्हर यांचा उघड आशीर्वाद लाभला. निर्माते जेरी डिव्हाइन यांना विभागाच्या दप्तरातील प्रकरणे उपलब्ध झाली; जाहिरातदार होती एक आयुर्विमा संस्था. पुढील काळात जिम टेलर हा संयमी अन्वेषक तिचा नायक बनला. नाट्यदृष्ट्या पहिली मालिका अधिक जिवंत वाटते, कारण तिच्यातील गुन्हेगाराला मन आहे. दुसरीत तपासाची कार्यपद्धती उत्तम कळते. परंतु अन्वेषक चुकू शकतो, ही शक्यताच तिने वगळली होती.

या वगळण्याचे मोल मोठे आहे. १९५६ ते १९७१ या काळात विभागाने राजकीय संघटना व नागरी हक्कांची चळवळ यांवर पाळत ठेवून त्यांच्यात फूट पाडण्याचे गुप्त उद्योग केले, हे १९७१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका कार्यालयातून पळविलेल्या कागदपत्रांमुळे प्रथम उजेडात आले आणि १९७५-७६ च्या सिनेट समितीच्या चौकशीत सविस्तर सिद्ध झाले. ज्या दप्तरखान्यातून नाटककाराला निवडक प्रकरणे मिळत होती, त्याच दप्तरखान्याचा हा दुसरा कप्पा होता.