विंडोज १० खरी बंद कधी पडणार?

मंगळवारी, १४ ऑक्टोबर २०२५ ला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. ऐन दिवाळीच्या तोंडावर लॅपटॉप विकणाऱ्यांना आयतं निमित्त मिळालं. बुधवारी सकाळी मात्र सगळे पीसी नेहमीसारखे सुरू झाले. मग बंद झालं काय?

विंडोज ७ चं काय झालं ते आठवा. तिचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, लोक ती बिनधास्त वापरत राहिले. घोडं अडलं ते नवं सॉफ्टवेअर टाकताना. आयकॉनवर दोनदा क्लिक केलं की पडद्यावर पाटी येते: ‘गेटसिस्टीमटाइमप्रिसाइजअ‍ॅजफाइलटाइम’ हे विंडोजच्या कर्नल३२ या फाइलमध्ये सापडत नाही. खाली फक्त ‘ओके’. एवढं लांबलचक नाव मिरवणारं हे फंक्शन करतं काय, तर किती वाजले ते सांगतं! मायक्रोसेकंदाच्या आतल्या अचूकतेने सांगतं, एवढीच त्याची मिजास. ते आलं विंडोज ८ पासून. वेळ सांगणारं जुनं फंक्शन ७ मध्येही आहे, फक्त काही मिलिसेकंद इकडेतिकडे. बिलं छापणाऱ्या प्रोग्रॅमला त्याने काडीचा फरक पडत नाही. पण प्रोग्रॅम सुरू होण्याआधी विंडोज त्याला लागणाऱ्या फंक्शनांची यादी तपासते, आणि त्यातलं एक नाव नसलं तरी सगळंच अडतं.

ही यादी प्रोग्रॅम लिहिणाराच ठरवतो असंही नाही. बहुतेकदा त्याची हत्यारं, म्हणजे प्रोग्रॅमिंगच्या भाषा, ठरवतात. पायथनने ३.९ पासून विंडोज ७ सोडली, गो भाषेने २०२३ मध्ये, रस्टने २०२४ मध्ये. म्हणजे मशीन धडधाकट, प्रोग्रॅमही हलका, तरी दार बंद.

हौशी मंडळींनी या दारालाच खिडकी पाडली. ‘व्हीएक्सकेएक्स’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर विंडोज ७ मध्ये नसलेली फंक्शनं स्वतःच्या फाइलींमधून पुरवतं, आणि प्रोग्रॅमने विचारलंच तर ‘मी विंडोज १० आहे’ अशी थापही मारतं. ‘सुपरमियम’ हा क्रोमियमवर बेतलेला ब्राउझर तर त्याहून जुन्या विंडोज एक्सपीवरही चालतो. मला हा उद्योग मनापासून आवडतो.

पण यातून विंडोजच्या सुरक्षेतली भोकं बुजत नाहीत. संगणक ओलीस धरून खंडणी मागणाऱ्या २०१७ च्या ‘वॉनाक्राय’ हल्ल्यात एक्सपीचीच बदनामी झाली. प्रत्यक्षात बळी पडलेले बहुसंख्य संगणक विंडोज ७ चे होते, आणि त्यांच्यासाठीचा इलाज दोन महिने आधीच आलेला होता. तो टाकलाच नव्हता! पेजमेकर, श्रीलिपी अशी जुनी सॉफ्टवेअर आणि त्यांचं डोंगल यांच्यावर काम चालवणाऱ्या डीटीपीवाल्याने एक्सपी ठेवावी की नाही, याचं माझं उत्तर म्हणूनच सोपं आहे: खुशाल ठेवा, नेटची वायर काढा. बँकेचे व्यवहार मात्र त्यावर नकोत, मग ब्राउझर कितीही नवा असो.

विंडोज १० ची गोष्ट अजून या थराला गेलेली नाही. घरगुती वापरकर्त्याला नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील, कंपन्यांना पैसे मोजून २०२८ पर्यंत. विंडोज ७ चे असेच विकतचे अपडेट १० जानेवारी २०२३ ला संपले आणि त्याच सुमारास आलेलं क्रोम १०९ तिच्यासाठी शेवटचं ठरलं. मायक्रोसॉफ्टने स्वतःचा एज ब्राउझर विंडोज १० वर किमान ऑक्टोबर २०२८ पर्यंत चालू ठेवू, असं सांगितलंय. तेव्हा नवा लॅपटॉप घ्यायचाच असेल तर हौसेने घ्या. १४ ऑक्टोबरच्या तारखेला घाबरून नको.