मलपृष्ठावरील साक्ष

जयपूरला 2006 पासून भरणारा साहित्यमहोत्सव आता सर्वपरिचित आहे. 2022 साली तो डिग्गी पॅलेसच्या आवारातून क्लार्क्स आमेर या हॉटेलात गेला. तेथील ग्रंथविक्रीच्या मांडवात एकदा मी तासभर केवळ पुस्तकांच्या पाठी वाचीत उभा होतो. एका लेखकाने ज्याची स्तुती केली होती, तोच दुसरा लेखक पहिल्याच्या मलपृष्ठावर स्तुती करीत हजर होता. सायंकाळी दोघेही एकाच व्यासपीठावर. यात लबाडी होती असे मला म्हणावयाचे नाही. दोघांनाही एकमेकांचे लेखन मनापासून आवडत असेल. परंतु ते वाचकाला कळावे कसे? जेथे अनेक भाषांतील अनुवाद शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि मूळ भाषा न जाणणारा वाचक त्या चार ओळींवर विसंबूनच पुस्तक उचलतो, तेथे हा प्रश्न किरकोळ राहत नाही.

मराठीत या मजकुरास ‘पाठराखण’ असा शब्द रूढ होऊ लागला आहे, तो मला फार अर्थपूर्ण वाटतो. सासरी निघालेल्या नव्या नवरीसोबत माहेरची पाठराखीण जाते; तिने नवरीला धीर द्यावयाचा असतो, तिचा बाजार मांडावयाचा नसतो. इंग्रजीतील ‘ब्लर्ब’ शब्दाचा जन्म मात्र थट्टेतला. 1907 साली जेलेट बर्जेस या अमेरिकन विनोदकाराने पुस्तकविक्रेत्यांच्या भोजनप्रसंगासाठी आपल्या पुस्तकाच्या वेष्टनावर ‘मिस बेलिंडा ब्लर्ब’ नामक तरुणी छापली व भडक स्तुतीची टर उडविली. प्रथा त्याहून जुनी. इमर्सनने 1855 साली व्हिटमनला लिहिलेल्या खाजगी पत्रातील एक वाक्य व्हिटमनने पुढच्याच वर्षी ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’च्या दुसऱ्या आवृत्तीच्या कण्यावर, परवानगी न घेता, छापून टाकले. हे अनुचितच, तथापि पत्र लिहिताना इमर्सनच्या डोळ्यांपुढे गिऱ्हाईक नव्हते, म्हणून त्या वाक्याचे वजन टिकले.

आपल्याकडे हे काम दीर्घकाळ प्रस्तावनेने केले. 1952 साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली, तेव्हा कवयित्री हयात नव्हती. 3 डिसेंबर 1951 रोजी ती निवर्तली होती. प्रस्तावना आचार्य अत्र्यांची. ‘झेंडूची फुले’मध्ये कवींची यथेच्छ रेवडी उडविणाऱ्या लेखणीने केलेला हा गौरव, आणि तोही जिच्याकडून परतफेड संभवतच नव्हती तिचा.

याहून अवघड उदाहरण 1972 च्या ‘गोलपिठा’चे. नामदेव ढसाळांच्या या पहिल्या संग्रहास विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. पांढरपेशा जग जेथे संपते त्यापलीकडचे हे जग आपल्याला परके आहे, यातील कित्येक शब्द आपल्याला ठाऊक नाहीत, हे त्यांनी लपविले नाही. प्रतिष्ठित नाटककाराने स्वतःचे अज्ञान छापून घेणे ही शिफारशीची विलक्षण रीत होय. वाचकाच्या मनातील संकोच त्यांनी आधी स्वतःवर घेतला. मग कवितेकडे बोट दाखविले. असे काही करावयास पाने लागतात. मलपृष्ठावर तेवढी जागा नसते, आणि उरलेल्या जागेत विशेषणेच तेवढी मावतात.

2025 च्या आरंभी अमेरिकेतील सायमन अँड शूस्टर या संस्थेच्या प्रमुख शाखेने असे अभिप्राय मिळविण्याची सक्ती लेखकांवर यापुढे राहणार नाही असे जाहीर केले. सोय झाली, यात संशय नाही. पण ज्याला कोणी ओळखत नाही अशा नवागताचे काय? त्याला कोणा थोराचा एक शब्दच दार उघडून देतो, हे ध्यानी घेता मला प्रथा मोडण्यापेक्षा ती कशी पाळली जाते याचीच अधिक चिंता वाटते.

एका प्रकाशकाने मला एकदा तयार मजकूर पाठवून खाली केवळ नाव घालण्याची अनुमती मागितली होती. मी ती नाकारली, पुस्तक वाचले, आणि पाच ओळी लिहून पाठविल्या. त्यांतील चौथी कथांच्या शेवटांविषयीची तक्रार होती. पुस्तक हाती आले तेव्हा चौथ्या ओळीच्या जागी तीन टिंबे होती.