मागील कालावधीचे वीज देयक आणि दोषाच्या नामकरणाचा प्रश्न : जालना जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

जालना जिल्ह्यातील वीज ग्राहक एकाच साच्याचा नाही. जालना शहरालगतच्या औद्योगिक वसाहतीत पोलाद वितळविणाऱ्या भट्ट्या व सळया ओढणाऱ्या रोलिंग मिल आहेत, बियाण्यांवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत. कापसाच्या हंगामापुरत्या चालणाऱ्या जिनिंग आहेत. मोसंबीच्या बागांना पाणी देणारे कृषिपंप आहेत. आणि आठही तालुक्यांत घरे, दुकाने, शाळा व महाविद्यालये आहेत. या सर्वांवर सारखेच येणारे एक संकट म्हणजे मागील कालावधीचे देयक होय. कित्येक महिने, प्रसंगी वर्षे, नियमित देयके भरलेल्या ग्राहकाच्या हाती एके दिवशी हजारो किंवा लाखो रुपयांची मागणी पडते. पूर्वी रीडिंग चुकले होते, मीटर मंद होते किंवा गुणक अवयव चुकीचा धरला गेला होता, असे कारण त्यात दिलेले असते. त्याच पत्रात वीजपुरवठा तोडण्याची सूचनाही बहुधा असते.

असे देयक पाहताच ग्राहक रकमेविषयी वाद घालू लागतो. एवढी वीज आपण वापरलीच नाही, हे त्याचे पहिले वाक्य असते. वस्तुतः बहुतेक तंट्यांचा निकाल या वाक्यावर लागत नाही. झालेल्या चुकीला कायद्यात कोणते नाव मिळते, यावर तो लागतो. एका नावाखाली तीन महिन्यांची वसुली होते, दुसऱ्या नावाखाली दोन वर्षांची, तिसऱ्या नावाखाली दुप्पट दराने. आणि प्रत्येक नावाबरोबर दाद मागण्याचे ठिकाणही बदलते. प्रस्तुत लेखात या नामकरणाचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका

1910 च्या भारतीय विद्युत अधिनियमात कलम 26(6) होते. मीटर बरोबर आहे की नाही याविषयी वाद उत्पन्न झाल्यास तो विद्युत निरीक्षकाने ठरवावा, आणि मीटर सदोष ठरल्यास वापराचा अंदाज जास्तीत जास्त मागील सहा महिन्यांपुरता करावा, अशी त्यातील योजना होती. विक्रेत्याने स्वतःच मीटर मंद ठरवावे आणि स्वतःच पूरक देयक काढावे हे या योजनेत बसत नव्हते. मध्य प्रदेश विद्युत मंडळाच्या एका प्रकरणात 1980 च्या दशकाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली.

विद्युत अधिनियम 2003 अमलात आल्यावर जुना कायदा गेला. महाराष्ट्रात 6 जून 2005 रोजी विद्युत मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरणकडे आले, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने वीज पुरवठा संहिता विनियम केले. त्यातील विनियम 15.4.1 अन्वये सदोष मीटरच्या बाबतीत देयकाचे समायोजन वाद उद्भवलेल्या महिन्यापूर्वीच्या कमाल तीन महिन्यांपुरतेच करता येते, तेही मीटर तपासणीच्या निष्कर्षानुसार. तपासणीचा अहवाल देयकासोबत ग्राहकास दिला पाहिजे, हीही अट आहे. मीटर बंदच पडले असेल तर त्याआधीच्या बारा महिन्यांच्या सरासरीवर, परंतु पुन्हा कमाल तीन महिन्यांपुरतीच आकारणी होते. 2021 च्या नव्या संहितेतही तीन महिन्यांची ही मर्यादा कायम आहे. सहा महिन्यांचे तीन महिने झाले, ही ग्राहकाची कमाई. विद्युत निरीक्षकासारखा तिऱ्हाईत मात्र पहिल्या पायरीवरून दूर झाला. मीटर तपासणारी प्रयोगशाळा आता बहुधा देयक देणाऱ्या कंपनीचीच असते.

एकाच चुकीची अनेक नावे

महावितरणच्या देयकावर चालू रीडिंग, मागील रीडिंग, गुणक अवयव, युनिट, समायोजित युनिट आणि एकूण असे रकाने असतात. मागील कालावधीच्या तंट्याचे मूळ बहुधा याच ओळीत सापडते.

सर्वांत साधा प्रकार साचलेल्या रीडिंगचा. घर बंद होते, मीटर उंचावर होते, किंवा रीडिंग घेणारा आलाच नाही, अशा कारणांनी काही महिने सरासरीचे देयक निघते. पुढे प्रत्यक्ष रीडिंग घेतले की उरलेली सर्व युनिट एकाच महिन्याच्या खाती पडतात. येथे मीटर निर्दोष असते व वीजही वापरलेली असते, म्हणून तीन महिन्यांच्या मर्यादेचा आधार सहसा मिळत नाही. ग्राहकाचा खरा आक्षेप वेगळा असावयास हवा, आणि तो उदाहरणाने स्पष्ट होईल. एका कुटुंबाचा वापर दरमहा 90 युनिट आहे असे समजू. तेरा महिने त्याला 40 युनिटचे सरासरी देयक मिळाले. चौदाव्या महिन्यात रीडिंग घेतले तेव्हा एकूण 1260 युनिट दिसली. आधी आकारलेली 520 वजा जाता 740 युनिट चौदाव्या महिन्यात लागली. घरगुती दराचे टप्पे 1 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या पुढे असे चढते आहेत. 740 युनिट एका महिन्याची धरली तर केवळ 100 युनिट पहिल्या टप्प्यात राहतात आणि 240 युनिट सर्वांत महाग टप्प्यात जातात. प्रत्यक्षात या कुटुंबाने एकाही महिन्यात पहिला टप्पा ओलांडलेला नाही. म्हणजे वापर खरा असूनही देयक खोटे ठरते. युनिट चौदा महिन्यांत विभागून, त्या त्या महिन्याच्या दराने, टप्प्याचा लाभ देऊन आकारणी करावी, ही मागणी अशा वेळी करावयाची असते. 'मी एवढी वीज वापरली नाही' असे म्हणणारा ग्राहक हरतो आणि हा न्याय्य लाभही गमावून बसतो, असे घडू शकते.

दुसरा प्रकार गुणक अवयवाचा. भट्टी, रोलिंग मिल यांसारख्या मोठ्या भाराच्या ठिकाणी सर्व प्रवाह मीटरमधून नेता येत नाही. प्रवाह रोहित्राने तो ठरावीक प्रमाणात कमी करून मीटरला दिला जातो आणि आलेल्या रीडिंगला तितक्याच पटीने गुणले जाते. रोहित्र बदलले परंतु नोंद बदलली नाही, तर देयक निम्मे किंवा दुप्पट होते, आणि मीटर मात्र अगदी बिनचूक फिरत राहते. स्मार्ट मीटरचे रीडिंग माणसाच्या हाताशिवाय दूरवरून येते. गुणक अवयव मात्र तेथेही आधी कोणीतरी नोंदवावाच लागतो.

खरी चुरस तिसऱ्या प्रकारात आहे. त्रिफेज मीटरच्या एका फेजची तार सैल झाली किंवा एक रोहित्र निकामी झाले, तर समतोल भारावर वापर सुमारे एक तृतीयांशाने कमी नोंदला जातो. हा मीटरचा दोष की जोडणीचा? मीटर स्वतः प्रयोगशाळेत बरोबर ठरत असल्याने तो सदोष नाही, सबब तीन महिन्यांची मर्यादा लागू नाही, असा कंपनीचा युक्तिवाद असतो. परंतु आयोगाच्या संहितेतील मीटरच्या व्याख्येत प्रवाह व विभव रोहित्रे आणि त्यांच्या जोडतारा यांचाही समावेश आहे. व्याख्या वाचली तर सैल तार हाही मीटरचाच दोष ठरतो, आणि वसुली तीन महिन्यांवर येते. एखाद्या रोलिंग मिलसाठी तीन महिने आणि चोवीस महिने यांतील अंतर मोठ्या रकमेचे असते. या एका व्याख्येकडे जितके लक्ष दिले जावयास हवे तितके दिले जात नाही.

चौथे नाव सर्वांत जड आहे : अनधिकृत वापर. कलम 126 खाली निर्धारण झाले की आकारणी दुप्पट दराने होते, आणि वापर केव्हा सुरू झाला हे ठरविता न आल्यास तपासणीपूर्वीचे बारा महिने धरले जातात. मग ग्राहक तक्रार निवारण मंचाचे दार बंद होते. ग्राहक न्यायालयही अशा निर्धारणाविरुद्धची तक्रार ऐकू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात सांगितले. कलम 127 चे अपील तेवढे उरते, आणि ते तीस दिवसांत, निर्धारित रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरून करावे लागते. म्हणून तपासणी पथकाने लिहिलेल्या स्थळ पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी त्यात 'सील तुटलेले' लिहिले आहे की 'मीटर मंद' लिहिले आहे, हे वाचणे अत्यावश्यक ठरते.

दोन वर्षांची मर्यादा

कलम 56(2) सांगते की, रक्कम प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर ती वसूल करता येणार नाही, ती थकबाकी म्हणून सातत्याने दाखविलेली असेल तर गोष्ट वेगळी. तथापि रक्कम 'प्रथम देय' केव्हा होते? वीज वापरली तेव्हा की देयक दिले तेव्हा? देयक दिल्यावर, असे म्हटले तर दहा वर्षांपूर्वीच्या वापराचे देयक आज देऊन कंपनी आजपासून दोन वर्षे मोजू शकेल.

मुंबई उच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाने मार्च 2019 मध्ये, महावितरणच्याच प्रकरणांत, यावर उत्तर दिले. वितरण परवानाधारकास पहिल्या मागणीच्या दिनांकापूर्वी दोन वर्षांहून अधिक कालावधीच्या वापराचा आकार मागता येणार नाही. त्यापूर्वीची रक्कम देयकात येऊ शकते ती थकबाकी म्हणून दाखवत आणलेली असेल तरच. महाराष्ट्रातील सामान्य ग्राहकास समजेल असे हे मोजमाप आहे.

पुढील वर्षी, फेब्रुवारी 2020 मध्ये, सर्वोच्च न्यायालयासमोर अजमेर विद्युत वितरण निगमाचे प्रकरण आले. जुलै 2009 ते सप्टेंबर 2011 या काळात दराचा संकेतांक चुकला होता, आणि लेखापरीक्षणानंतर 18 मार्च 2014 रोजी 29,176 रुपयांची जादा मागणी झाली. रक्कम देयक दिल्यावरच देय होते. प्रामाणिक चुकीमुळे राहिलेली रक्कम मर्यादेनंतरही मागता येते. परंतु तिच्यासाठी वीज तोडता येत नाही, असा निर्णय झाला. ऑक्टोबर 2021 मधील प्रेम कॉटेक्स प्रकरणात गुणक अवयव 10 ऐवजी 5 धरला गेला होता. ऑगस्ट 2006 ते फेब्रुवारी 2009 या काळासाठी सप्टेंबर 2009 मध्ये 1,35,06,585 रुपयांची मागणी झाली, आणि ही सेवेतील त्रुटी नसून आकारणीतून सुटलेली रक्कम आहे, असे न्यायालयाने मानले. मुंबईचे मोजमाप लावले असते तर यातील पहिले वर्षभर वगळले गेले असते. हे निकाल परस्परांशी पूर्णतः जुळत नाहीत. 2020 च्या निकालातून ग्राहकाला निश्चितपणे मिळते ते एवढेच की, मुदतबाह्य मागणीसाठी अंधाराचा धाक घालता येत नाही. कंपनीने ती रक्कम इतर कायदेशीर मार्गाने वसूल करावी. हेही थोडे नाही, कारण व्यवहारात बहुतेक ग्राहक रक्कम पटली म्हणून भरत नाहीत, तर वीज जाईल या भीतीने भरतात.

सरासरीचे अपुरेपण

ज्या मर्यादा ग्राहकाच्या बाजूच्या आहेत त्याही सरासरीवर उभ्या आहेत, आणि जालन्यासारख्या जिल्ह्यात सरासरी हा दगाबाज आकडा आहे. जिनिंगचा वापर हिवाळ्यात शिगेला असतो व पावसाळ्यात जवळजवळ शून्यावर येतो. तीन महिन्यांचा अंदाज वर्षाच्या सरासरीवर केला तर तो कोणत्या तरी एका पक्षावर अन्याय करणारच. मोसंबीच्या बागेचे त्याहून बिकट. 2012-13 च्या दुष्काळात जालना हा सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी होता. विहीर आटली की पंप थांबतो. परंतु रीडिंग न घेता सरासरीने निघणारे देयक विहिरीत डोकावत नाही. 2024 पासून 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत विजेची योजना लागू झाली असली, तरी जुन्या देयकांतील अशा नोंदींची शहानिशा त्याने होत नाही.

म्हणून सरासरीला आव्हान देताना केवळ नकार पुरेसा नाही, तर दुसरा आकडा द्यावा लागतो. तो ग्राहकाच्या वैयक्तिक खतावणीत, म्हणजे ज्याला कार्यालयात सीपीएल म्हणतात त्या उताऱ्यात, असतो. प्रत्येक महिन्याचे रीडिंग, मीटरची स्थिती व समायोजने त्यात क्रमाने दिसतात. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या स्मृतीतून काढलेल्या माहितीत एखादा फेज कोणत्या दिवशी गेला याचीही नोंद मिळू शकते. जिनिंगच्या बाबतीत गाठींचे, महाविद्यालयाच्या बाबतीत सुट्ट्यांचे दप्तर याच कामी येते.

दाद मागण्याचा क्रम

देयक हाती येताच पहिला प्रश्न पुरवठा टिकविण्याचा असतो. कलम 56(1) अन्वये तोडणीपूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस आवश्यक आहे. तसेच ग्राहकाने मागणीची पूर्ण रक्कम, अथवा मागील सहा महिन्यांत भरलेल्या सरासरी आकाराप्रमाणे दरमहाची रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती 'निषेधपूर्वक' भरल्यास वादाचा निर्णय होईपर्यंत वीज तोडता येत नाही. ही तरतूद माहीत नसल्याने काही जण सर्व रक्कम भरून टाकतात, तर काही जण चालू देयकही थांबवितात. दुसरा मार्ग अधिक घातक आहे. चालू देयक थकले की तोडणीला स्वतंत्र आणि निर्विवाद कारण मिळते.

त्यानंतर कंपनीकडे लेखी तक्रार, मग कलम 42(5) खालील ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि मंचाच्या आदेशापासून साठ दिवसांत विद्युत लोकपाल, असा क्रम आहे. मंचात ग्राहकांचा प्रतिनिधी सदस्य असतो व वकिलाची सक्ती नाही. तक्रारीत रकमेच्या आधी दोषाचे नाव लिहावे : साचलेले रीडिंग, सदोष मीटर की गुणक अवयव. तपासणी अहवाल देयकासोबत मिळाला नसल्यास तो न मिळाल्याचे पहिल्याच पत्रात नमूद करावे, कारण संहितेतील अट तेथेच मोडलेली असते. मंचाकडे जाण्यासाठी तक्रारीचे कारण उद्भवल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. मुंबई उच्च न्यायालयाची मागे मोजावयाची दोन वर्षे पहिल्या मागणीच्या दिनांकापासून सुरू होतात, आणि ग्राहकाची पुढे मोजावयाची दोन वर्षेही बहुधा त्याच दिनांकापासून धरली जातात. त्यामुळे ज्या दिवशी ते देयक आले त्या दिवसाचा पुरावा, मग तो टपालाचा लिफाफा असो वा आवक नोंदवहीतील ओळ, देयकाइतकाच जपून ठेवावा लागतो.