बंब का गळतो?

आमच्या गावात बऱ्याच घरी अजून तांब्याचा बंब आहे. काहींनी विजेचा गिझर घेतला आहे, पण वीज गेली की बंबच पेटवावा लागतो. बंब गळायला लागला की मोठी माणसे म्हणतात, “तांबं झिजलं, आता मोडीत घाला.” पण तांबे एवढ्या लवकर झिजत नाही. बहुतेक वेळा बंब गळतो तो तोटीतून नाहीतर सांध्यातून. आमचा बंब बाजारच्या दिवशी तांबटमामांकडे नेला होता, तेव्हा मी त्यांना पुष्कळ प्रश्न विचारले. राहिलेले गुरुजींनी समजावून सांगितले.

बंबाच्या मधोमध एक नळी असते. तिच्यात आपण ढलप्या, गोवऱ्या, कणसाची बुरकुंडे घालतो. खाली जाळी आणि राखेचे ताट असते. नळीच्या आत जाळ आणि बाहेरून पाणी, म्हणून पाणी लवकर तापते. तांब्याचे पत्रे जोडून बंब तयार होतो. जोडावर धातू वितळवून ओततात, त्याला डाख म्हणतात.

एक गंमत आहे. थंडीत गार पाणी भरून बंब पेटवला की थोड्या वेळाने राखेत टपटप थेंब पडतात. सगळे म्हणतात, बंब गळतोय! पण लाकडाच्या धुरात वाफ असते. ती गार नळीला लागते आणि तिचे पाणी होते. पाणी तापले की थेंब आपोआप थांबतात. खरे गळते का हे पाहायचे तर बंब रात्री न पेटवता भरून ठेवावा आणि ताटात कोरडी राख पसरावी. सकाळी राख ओली दिसली तर नळी गळते. दिवाळीत पाणी भरायच्या रात्री आपण बंब भरतोच, तेव्हा ही परीक्षा फुकटात होते.

आता तोटी. जुन्या पितळी तोटीत एक खुंटी असते, ती रोज फिरवून झिजते. नव्या नळात रबरी वायसर असतो, तो गरम पाण्याने कडक होतो आणि चिरतो. कधी नुसता क्षाराचा खडा अडकलेला असतो. काही जण रिकामी बादली तोटीलाच अडकवून ठेवतात. त्यामुळे तोटी हलते आणि तिच्या मुळापासून पाणी पाझरते. वायसर अगदी स्वस्त मिळतो, तरी लोक महिनामहिना बदलत नाहीत. खाली तांब्या ठेवतात!

गुरुजींनी फळ्यावर गणित घातले. २० थेंबांचे साधारण १ मिलिलिटर पाणी होते. सेकंदाला एक थेंब पडला तर तासाला ३६०० थेंब, म्हणजे १८० मिलिलिटर. रात्रीच्या १० तासांत १८०० मिलिलिटर, जवळजवळ २ लिटर! थेंब मोठे आणि भरभर पडले तर आणखी जास्त. बंब आधीच अर्धा असेल तर पहाटेपर्यंत तळाशी थोडेच पाणी उरते. पहाटे अंधारात कोणी झाकण उघडून बघत नाही. तसाच जाळ घालतात आणि मग खरे नुकसान होते.

ते असे. पाणी १०० अंशाला उकळते. नळीभोवती पाणी आहे तोवर तांब्याची उष्णता पाणी ओढून घेते, म्हणून सांधा फार तापत नाही. तांबे वितळायला १०८५ अंश लागतात. पण कथील २३२ अंशाला वितळते आणि शिसे ३२७ ला. दोन्ही मिसळून केलेला डाख तर २०० अंशांच्या आसपासच वितळतो. पाणी नसले की जाळाने एवढी उष्णता सहज होते. काही बंबांना पितळेचा पक्का डाख असतो, तो टिकतो. पण एकदा दुरुस्त केलेल्या जागी बहुधा कथील-शिशाचाच असतो. तांबटमामा म्हणाले, “माझ्याकडं येणारे निम्मे बंब कोरडे तापवलेलेच असतात.”

कोरडा तापलेला बंब दिसला तर त्यात गार पाणी ओतू नये. एकदम वाफ उठून तोंड भाजते. जाळ काढून बंब निवू द्यावा.

विहिरीचे पाणी जड असेल तर आत पांढरा थर बसतो. थराखालचे तांबे जास्त तापते आणि सरपणही जास्त लागते. तो थर सळईने ठोकून काढतात, त्याने सांधा उकलतो. ओली राख तळाला राहिली की तिच्यातला खार सांधा खातो, म्हणून राख रोज काढावी. चिंच-मिठाने घासल्यावर बंब स्वच्छ धुवावा.

गळती लागली की आजी साबण चोळते. गार पाणी असेपर्यंत तो धरतो, पाणी तापले की वाहून जातो. नळीच्या आत लांबी भरूनही उपयोग नाही, जाळाने ती तडकते. तिथे डाखच पाहिजे. डाखात शिसे असते, म्हणून बंबाचे पाणी फक्त अंघोळीला वापरावे, पिऊ नये आणि स्वयंपाकालाही घेऊ नये.

दुरुस्त करून आणलेला बंब लगेच पेटवायचा नसतो. तांबटमामा आधी तो काठोकाठ भरतात, बाहेरून फडक्याने कोरडा पुसतात आणि बाजूला ठेवून दुसरे काम करतात. मग सांध्यावरून बोट फिरवून बघतात. बोट कोरडे राहिले तरच पैसे घेतात.

— इयत्ता ४ थी