शासनाची खरेदी आणि लहान पुरवठादार

शासन हे केवळ कायदे करणारे व कर गोळा करणारे यंत्र नव्हे. ते देशातील एक फार मोठे गिऱ्हाईकही आहे. रुग्णालयांतील चादरी, कचेऱ्यांतील टेबले, इमारतींची साफसफाई या सर्वांसाठी त्यास बाजारात उतरावे लागते. हा पैसा जनतेचा असल्यामुळे खरेदी निविदा मागवून, उघड स्पर्धेने करण्याचा दंडक आहे. परंतु स्पर्धा उघड असली म्हणजे ती समान असतेच असे नाही. बयाणा रक्कम, मागील उलाढालीची अट आणि बिलासाठी करावी लागणारी प्रतीक्षा ही ओझी मोठी कंपनी सहज पेलते. पाच कामगारांचा कारखाना त्यांखाली वाकतो.

ही विषमता कमी करण्याचे प्रयत्न जुने आहेत. 1955 साली राष्ट्रीय लघुउद्योग निगमाची स्थापना झाली. पुढे 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियमाच्या आधारे 2012 साली केंद्र शासनाने खरेदी धोरणाचा आदेश काढला. केंद्रीय मंत्रालये व सार्वजनिक उपक्रम यांनी वार्षिक खरेदीचा निदान 20 टक्के भाग सूक्ष्म व लघु उपक्रमांकडून घ्यावा, असे त्यात ठरले. 2018 साली हे प्रमाण 25 टक्के करण्यात आले. त्यातील 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या व 3 टक्के महिलांच्या उपक्रमांसाठी आहेत. नोंदणीकृत उपक्रमास निविदापत्रे विनामूल्य मिळतात आणि बयाण्याची सूट असते.

दरांबाबतची तरतूद उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका मोठ्या कंपनीने सर्वांत कमी, म्हणजे 100 रुपये दर भरला आणि लघु उपक्रमाने 112 रुपये. हा फरक 15 टक्क्यांच्या आत असल्याने लघु उपक्रमास 100 रुपयांवर उतरण्याची संधी मिळते. ती स्वीकारल्यास मागणीच्या 25 टक्क्यांपर्यंतचा पुरवठा त्याच्याकडे येऊ शकतो. शासनाला अधिक मोल द्यावे लागत नाही आणि लहान उत्पादकही बाहेर फेकला जात नाही.

2016 साली सुरू झालेल्या ‘जेम’ या शासकीय संगणकीय बाजारपेठेमुळे दूरच्या गावातील उत्पादकासही आपला माल थेट खरेदीदार खात्यापुढे मांडता येतो.

तथापि, मागणी मिळणे ही अर्धीच वाट होय. माल पोचला आणि पैसे अडकले, तर मजुरी व कच्चा माल यांसाठी उत्पादकास कर्ज काढावे लागते आणि नफा व्याजात जातो. म्हणूनच उपरोक्त अधिनियमाने सूक्ष्म व लघु पुरवठादारांसाठी कराराची मुदत काहीही असली तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांची कमाल मर्यादा घातली आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. तक्रार सुकरता परिषदेकडे नेता येते; परिषदेच्या निवाड्यास आव्हान देणाऱ्या खरेदीदारास रकमेचा 75 टक्के भाग आधी भरावा लागतो.

असे असूनही, पुढील मागणी हातची जाईल या भीतीने अनेक पुरवठादार तक्रार करीतच नाहीत. हक्क कायद्यात लिहिला गेला, तरी तो मागण्याचे बळ पुरवठादाराच्या अंगी यावे लागते. त्यासाठी मागणीपत्र, पोचपावती व बिल यांचे कागद नीट जपणे ही पहिली पायरी होय.