संगणकावरील सिंथेसायझर आणि स्वयंभू गंधार

पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी आयुष्याच्या उत्तरार्धात नाशिकच्या पंचवटीत रामनाम आधार आश्रम उभारला आणि १९२१ मध्ये त्यांचे पुत्र दत्तात्रेय विष्णु पलुस्कर यांचा जन्मही नाशिकलाच झाला. तानपुऱ्याच्या नादावर गळा घडवण्याची परंपरा या शहराला अशी जवळून ठाऊक आहे. आज संगीताच्या विद्यार्थ्याला सॉफ्टवेअर सिंथेसायझर, म्हणजे ध्वनिलहरी आकडेमोडीने निर्माण करणारी संगणकीय आज्ञावली, सहज उपलब्ध असली, तरी ती मुळात ज्या स्वरांत बोलते ते तानपुऱ्याचे स्वर नव्हेत.

ही आज्ञावली उघडताच मधल्या सप्तकातील पांढरी सहा ४४० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांवर, लागते आणि सप्तकाचे बारा समान भाग होतात. सप्तक १२०० सेंटचे मानले, तर प्रत्येक भाग १०० सेंटचा होतो. या मांडणीत पंचम ७०० सेंटवर पडतो व नैसर्गिक पंचमापेक्षा जेमतेम दोन सेंटांनी उतरतो. शुद्ध गंधार मात्र ४०० सेंटवर येतो आणि नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटांनी चढा राहतो. काळी एकचा षड्ज सुमारे २७७.२ हर्ट्झचा धरल्यास समान विभागणीचा गंधार ३४९.२ हर्ट्झवर, तर षड्जाच्या सव्वापट असणारा नैसर्गिक गंधार ३४६.५ हर्ट्झवर येतो. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा, गायक ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात, तो हाच नैसर्गिक स्वर होय. म्हणून तानपुऱ्यासोबत सिंथेसायझरचा गंधार धरला, की दोन्हींच्या उपस्वरांत सेकंदाला पाच-सहा हेलकावे ऐकू येतात.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचा आधार घेऊन बावीस श्रुतींची मोजणी केली, १९१० मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली आणि त्या विचारातून श्रुतिसंवादिनीही घडली. संवादिनीत अशा सुधारणेसाठी प्रत्येक सूर घासून लावावा लागे, तर सर्ज एक्सटी यांसारख्या विनामूल्य सिंथेसायझरमध्ये तेच काम स्काला पद्धतीच्या साध्या मजकूर-फाइलने होते, कारण तिच्या प्रत्येक ओळीत एकेका स्वराचे षड्जापासूनचे अंतर सेंटमध्ये किंवा गुणोत्तरात लिहिलेले असते. अर्थात कोणती पट्टी षड्ज मानायची हेही ठरवावे लागते. नाहीतर नैसर्गिक अंतरे भलत्याच स्वरापासून मोजली जातात.

स्वर लागल्यावर प्रश्न येतो संकेताच्या वाटेचा. स्वर निर्माण करणाऱ्या ऑसिलेटरमधून निघालेला संकेत फिल्टरमध्ये जाऊन त्याचा पोत ठरतो आणि मग तो ॲम्प्लिफायरमध्ये जाऊन त्याचा चढउतार ठरतो. याखेरीज एलएफओ नावाची अतिमंद लहर असते, जी स्वतः ऐकू येत नाही, पण जिथे जोडावी तिथे परिणाम घडवते: तिला स्वरोच्चतेशी जोडल्यास दरबारीतील गंधारासारख्या आंदोलनाची ढोबळ नक्कल होते, फिल्टरशी जोडल्यास नाद उघडतो-मिटतो, आणि ॲम्प्लिफायरशी जोडल्यास आवाज थरथरतो. मींड घेण्यासाठी स्वर वाकवणारे चक्र वापरतात. त्याची मर्यादा बहुधा दोन अर्धस्वरांची असल्याने षड्जापासून पंचमापर्यंतच्या मींडेसाठी ती किमान सात अर्धस्वरांपर्यंत वाढवावी लागते. शिवाय हे चक्र साधारणतः आपल्या वाहिनीवरील सर्वच स्वर एकदम वाकवत असल्याने षड्ज-पंचमाचा आधारनाद वेगळ्या वाहिनीवर ठेवणे आवश्यक ठरते. नाद भरीव करणारा कोरस हा परिणाम मूळ स्वराच्या किंचित बेसूर प्रती त्यात मिसळतो, म्हणून स्वर लावताना तो बंद ठेवणेच योग्य.

आकडे केवळ सुरुवात करून देतात, कारण रागागणिक गंधार-धैवतांची जागा बदलते आणि गायकाच्या लगावात ती क्षणोक्षणी हलते. एका फाइलने सर्व राग सुरेल होतील, ही अपेक्षा चुकीची आहे. म्हणून संगणकावर रियाज करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांना शिकवणाऱ्या गुरुजनांनी आधी जुळलेला तानपुरा ऐकावा, त्यातील गंधार कानात साठवावा आणि मगच सिंथेसायझरचा स्वर त्याच्याशी मिळवावा; यंत्राने दिलेला स्वर तपासल्याशिवाय प्रमाण मानू नये.